कपाटामागचा सतरा नंबर

चिमीच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे घट्ट बसलेलं बरणीचं झाकण काढणं. एकदा निघालं की प्रश्न नाही, पण ते निघायला हवं ना! तिचे बाबा टेलर होते, दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं आणि गिऱ्हाईक आलं की चिमी ट्रायलरूमच्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. एकदा एक बाई तिथे ब्लाउज घालून बघायला गेल्या आणि किंचाळत बाहेर आल्या. चिमी आतच होती. तिला वाटलं होतं, काही बोललो नाही तर बाई आपल्याला बघणार नाहीत.

अशा मुलीनं विद्यापीठात, तेही परक्या शहरात, वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्र शिकायचं ठरवलं तेव्हा घरात चर्चा होणारच होती. पानाफुलांचं तिला लहानपणापासून वेड. बाबांच्या मापाच्या वहीत कोणाच्या छातीच्या आणि कमरेच्या मापांमध्ये वाळलेलं पान सापडलं नाही असा दिवस जायचा नाही. बाबांचा होकार होता. आईचा होकार बाबांच्या होकाराला चिकटून होता. आत्याचा मात्र ठाम नकार होता, आणि त्या घरात आत्याच्या नकाराला वजन होतं.

"अगं, ही दुकानात आलेल्या माणसाला 'बसा' म्हणत नाही. तिकडे कोणाला काय विचारणार? संडास कुठे आहे हे तरी विचारेल का?"

शेवटी तोडगा निघाला तो आत्याच्याच डोक्यातून. प्रवेशाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की सत्र संपताना विभागप्रमुख स्वतः प्रत्येक पालकाला पत्र पाठवतात. आत्या म्हणाली, "ते पत्र येऊ दे. पोरगी रुळली असं त्यात असेल, तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर गाडी धरायची आणि सामानासकट घेऊन यायची. दुकानात काजं-बटणं करायला माणूस हवंच आहे." बाबांनी मान डोलावली. चिमीनंही डोलावली. मान डोलावणं हा तिचा आवडता संवाद होता.

वर्गाचा पहिला दिवस. विभागप्रमुख सरांना सगळे हजेरीसर म्हणत. एकतीस वर्षं ते पहिल्या तासाला स्वतः हजेरी घेत होते आणि त्यांच्या रजिस्टरात फक्त आकडे असत. नावं कार्यालयातल्या कारकुनाकडे. "नाव कळलं की माया लागते," ते सांगत, "माया लागली की मार्क वाढतात." चेहरा आणि आकडा यांची जोडी मात्र त्यांच्या डोक्यात एकदा बसली की बसली. बाकीचे शिक्षक सहीचा कागद फिरवायचे आणि त्यावर कोण कुठे सही करतं हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

चिमीचा नंबर सतरा. सकाळी वसतिगृहाच्या आरशासमोर तिनं चाळीस वेळा 'हजर' म्हणून बघितलं होतं. एक साधा शब्द, तीन अक्षरं. पण सरांनी "सतरा" म्हटलं आणि शब्द घशात येऊन रुतून बसला. सरांनी वर न बघता फुली मारली. अठरा, एकोणीस, वीस. चिमीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, पण शब्द काही फुटेना. तिसापर्यंत तिनं आशा सोडली. चाळिशीत तिनं एक मोठा श्वास घेतला आणि सर "बेचाळीस" म्हणाले त्याच क्षणी ते झाकण निघालं.

"हजर!"

आवाज असा खणखणीत निघाला की पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातातली पेन्सिल पडली. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "शाब्बास, बेचाळीस. हजेरी अशी द्यावी." चेहरा आणि आकडा यांची जोडी बसली. आता 'सर, ती सतराची हजेरी होती, उशिरा निघाली' हे सांगायला जे धाडस लागतं ते तिच्यात असतं, तर मुळात गोष्टच घडली नसती.

दुसऱ्या दिवशी आणखी मजा. सर म्हणाले, "सतरा कालही नव्हता. आजही नसेल तर कार्यालयाला कळवून टाकतो, जागा दुसऱ्याला देतील."  चिमीनं हात वर करायला घेतला, तो कानापर्यंत पोचला आणि तिथे तिनं उगाच कान खाजवला. तेवढ्यात वर्गाच्या मागून, वाळलेल्या नमुन्यांच्या कपाटामागून, कोणीतरी पुटपुटलं, "हजर."

सरांनी मान लांब करून बघितलं, "बरं बरं, हा सतरा," म्हणाले आणि पुढे गेले. चिमीचा जीव भांड्यात पडला. आपली जागा वाचली एवढंच तिला पहिल्यांदा कळलं. आपल्या जागेवर दुसरंच कोणी बसलंय हे तिला जेवताना कळलं.

तुम्ही म्हणाल, मग तिनं सांगायचं ना. उद्या सांगू, असं ती रोज ठरवत होती. आधी बुजली म्हणून सांगितलं नाही. नंतर उशीर झाला म्हणून सांगितलं नाही. आणि महिन्याभरानं तर सांगावंसंच वाटेना, कारण बेचाळीस नंबरचं फार छान चाललं होतं.

झालं असं की खणखणीत आवाजामुळे सरांनी धडा मोठ्यानं वाचायचं काम बेचाळीसला दिलं. चिमी उभी राहिली आणि तिच्या डोक्यात विचार आला की चुकलं तर बेचाळीसचं चुकेल, आपलं काय जातंय? ती वाचत सुटली. मग प्रयोगाच्या तासाला कांद्याचा पापुद्रा इतका पातळ काढला की काचेवर आहे की नाही हे बघायला तीन मुली जमल्या. त्यातली एक जाड चष्मेवाली आणि दुसरी कायम डुलक्या घेणारी, अशा दोघी तिच्या मैत्रिणीच झाल्या. त्या तिला 'बेचा' म्हणत. सरांनी काचपट्ट्यांच्या पेटीची किल्ली बेचाकडे दिली. बेचा हसायची, भांडायची, एकदा तर तिनं कँटीनवाल्याला चहा गार आहे म्हणून सांगितलं. चिमी खोलीत परत आल्यावर दचकून अंथरुणावर बसली. हे कोण बोललं, असं तिला खरंच वाटलं.

आणि मग सत्र संपत आलं. हजेरीसरांनी साठ पत्रं लिहिली, मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना 'आपला पाल्य' म्हणून. पाकिटांवर नंबर टाकले. कारकुनानं नंबर बघून पत्ते घातले. कामात कुठेही चूक नव्हती.

बुधवारी संध्याकाळी आईचा फोन आला.

"चिमे, तुझी उंची किती झाली गं?"

"म्हणजे?"

"थांब, वाचते. 'आपला पाल्य, क्रमांक सतरा, नियमित हजर असतो. तथापि संपूर्ण सत्रात तो कोणाशीही बोललेला नाही. डबा कपाटामागे एकटाच खातो. उंचीच्या मानाने लक्ष कमी असल्याने प्रयोगशाळेच्या दाराच्या चौकटीवर त्याने आजवर अकरा वेळा डोके आपटून घेतले आहे. त्याचे पाय टेबलाबाहेर येत असल्याने इतर विद्यार्थी अडखळतात. पालकांनी लक्ष घालावे.' अगं, अकरा वेळा! डॉक्टरला दाखवलंस का?"

"आई, ते मी..."

"आत्या म्हणतेय, बाहेरचं पाणी लागलं की माणूस वाढतं. पण एवढं?"

मागून आत्याचा आवाज आला, "उंचीचं सोड, कपाटामागचं वाच परत! मी काय म्हणत होते?" मग बाबांचा, नेहमीसारखा हळू, "माझ्या वहीत पाच फूट एक इंच आहे. मी स्वतः माप घेतलंय." मग आत्यानं फोनच ओढून घेतला. "चिमे, घाबरू नकोस. शनिवारी बाबा येतोय न्यायला. रिकामी बॅग घेऊन. तू फक्त सामान आवरून ठेव." फोन बंद झाला. बेचा असती तर तिनं परत फोन लावला असता. पण घरचा फोन चिमीला आला होता आणि चिमी मोबाइल हातात धरून मान डोलावत बसली होती.

चार महिन्यांपूर्वी कोणी तिला न्यायला आलं असतं तर ती अनवाणी धावत गेली असती. पहिला आठवडा ती उशीत तोंड खुपसून रडली होती. आता मात्र तिनं सामानातली एकही वस्तू आवरली नाही. तिला जायचं नव्हतं. हे तिला स्वतःलाही इतकं स्पष्ट पहिल्यांदाच कळलं.

उपाय एकच होता. हजेरीसरांसमोर जाऊन 'सतरा मी' असं सांगायचं. पण ते सांगितलं की आपण पुन्हा सतरा होणार, म्हणजे पुन्हा मुकं होणार, ही भीती होतीच. शिवाय कपाटामागचा तो कोण? त्याला विचारायला हवं होतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती कपाटाला वळसा घालून गेली.

तिथे एक मुलगा स्टुलावर घडी करून बसला होता. घडीच म्हणायला हवी, कारण उलगडला असता तर तिथे मावला नसता. शर्टाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर संपत होत्या. कपाळावर टेंगूळ होतं. चिमीला बघून त्यानं डब्याचं झाकण लावलं.

 दोघांनी मिळून पाच मिनिटं कपाटातल्या एका वाळक्या नेच्याचा बारकाईनं अभ्यास केला.

"तुम्ही सतरा?" शेवटी चिमीनं विचारलं.

"हो. म्हणजे नाही. तुम्ही बेचाळीस?"

"हो. म्हणजे नाही."

एवढं झाल्यावर दोघं दमून पुन्हा नेच्याकडे वळले. मग हळूहळू उलगडा झाला. बेचाळीस हा नंबर त्याचा. पहिल्या दिवशी त्याच्याही घशात शब्द अडकला होता आणि तेवढ्यात चिमी ओरडली. "मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल," तो म्हणाला. "मग दुसऱ्या दिवशी सर सतराची जागा काढणार म्हणाले. मला त्या सतराचं वाईट वाटलं. बिचारा घाबरला असेल, असं वाटलं. माझ्याकडे तसाही नंबर नव्हता."

चिमीला हसावं की रडावं कळेना. "पत्र आलं का तुमच्या घरी?"

त्याचे कान लाल झाले. "आलं. 'आपला पाल्य स्पष्ट आवाजात वाचतो, मनमिळाऊ आहे, सर्वांना मदत करतो, त्याच्यामुळे वर्गात उत्साह असतो.' आई बस डेपोत तिकीटखिडकीवर असते. तिनं ते पत्र काचेला आतून चिकटवलंय, अक्षरं बाहेर करून. तिकिटाच्या रांगेतले लोक वाचतात. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं, घराबाहेर पडला की पोरगा बोलायला लागेल."

 मग चिमीनं बाबांचं, आत्याचं, रिकाम्या बॅगेचं सगळं सांगितलं.

"मग तुम्ही सांगून टाका सरांना," तो म्हणाला.

"आणि तुमची आई?"

त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "काच पुसावी लागेल तिला," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी चिमी वर्गाजवळ पोचली तेव्हा बाबा आधीच तिथे होते. खांद्यावर रिकामी बॅग, गळ्यात टेप. दुकानातून निघताना टेप काढायची राहिली होती आणि रात्रभराच्या प्रवासात कोणी ती काढायला सांगितली नव्हती. ते टाचा उंचावून दाराच्या चौकटीचं माप घेत होते.

शिपाई विचारत होता, "दार बदलायला आलात का?"

"नाही हो. मुलगी यात कशी आपटते ते बघतोय." बाबांनी चिमीला बघितलं आणि हसू दाबून म्हणाले, "सहा फूट दोन. जुनं बांधकाम. इकडे ये. टाचा जमिनीला." त्यांनी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिचं माप घेतलं. "पाच फूट एक. अर्धा इंचही नाही वाढलीस. मग डोकं कसं आपटतेस? उड्या मारतेस का?"

"बाबा, ते पत्र..."

घंटा झाली. हजेरीसर रजिस्टर घेऊन आले, गळ्यात टेप असलेला माणूस चौकटीपाशी बघून म्हणाले, "चौकटीचं काम नंतर. आधी हजेरी," आणि आत गेले. बाबा टेप हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"पंधरा." "हजर." "सोळा." "हजर." "सतरा."

"हजर," कपाटामागून आलं.

बाबांच्या भुवया वर गेल्या. मुलीचा आवाज त्यांना माहीत होता. तो फारसा कधी ऐकलेला नव्हता, पण इतका जाडा नक्कीच नव्हता. त्यांनी आधी कपाटाकडे बघितलं, मग चिमीकडे. त्यांच्या खांद्यावरची बॅग सपाट लोंबत होती.

चिमी उभी राहिली. "सर."

"बेचाळीस, तुझा नंबर यायचाय अजून."

"सर, सतरा मी आहे."

वर्गात हशा पिकला. सरांनी पेन खाली ठेवलं. "अशक्य. तू बेचाळीस आहेस. एकतीस वर्षांत माझी एक हजेरी चुकलेली नाही."

"पण सर, मी..."

"खाली बस."

आणि इथे चिमीचं काहीतरी बिनसलं. ती खाली बसली नाही. "नाही बसणार!" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सतरा म्हटलंत तेव्हा मला बोलताच आलं नाही! मी बुजरी आहे, सर! माझ्या तोंडून शब्द निघत नाही! मला कोणासमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो! दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी लपते, विचारा माझ्या बाबांना, ते काय दारात उभे आहेत! मी जन्मात कधी मोठ्यानं बोललेली नाही!" तिचा आवाज आता समोरच्या इमारतीत पोचत होता. तिथल्या दोन खिडक्या उघडल्या. "चार महिने सांगायचा प्रयत्न करतेय, पण मी इतकी भित्री आहे की मला ते जमतच नाही! आणि तुम्ही खाली बस काय म्हणता?"

सर थक्क झाले होते. चष्मेवाली तोंड उघडं टाकून बघत होती. डुलक्या घेणारी टक्क जागी होती.

"बरं," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिच्या मानानं फारच बारीक आला. "तू सतरा. मग बेचाळीस कोण?"

 सर पेन उचलून फुली मारायला लागले. चिमीनं कपाटाकडे बघितलं नाही. त्याची आई, ती काच, तिला ठाऊक होतं, आणि त्याच्या वतीनं बोलायचा तिला हक्क नव्हता. तेवढ्यात कपाटामागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला, मग कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटल्याचा, आणि तो मुलगा उलगडत उलगडत पूर्ण उभा राहिला.

"हजर," तो म्हणाला. मग डोकं चोळत, "चार महिन्यांपासून, सर."

सरांनी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बराच वेळ रजिस्टराकडे बघितलं. मग खिशातून पेन्सिल काढली. "नावं सांगा दोघांची," ते म्हणाले. दोघांनी सांगितली. सरांनी ती समासात लिहिली, माया लागायला नको म्हणून फिकट. "पत्रं मी परत लिहीत नाही. नंबर बदलून पाठवतो." मग त्या मुलाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी घसा खाकरला. "बेचाळीसच्या पत्राला आजच्या तारखेची एक ओळ जोडेन. सर्वांसमोर उभा राहून खरं बोलला. आणि कपाट भिंतीला लावून घ्या, तिथे यापुढे कोणी बसायचं नाही."

चष्मेवाली आपली पिशवी उचलून बाकावर सरकली आणि त्या मुलाला म्हणाली, "ये इकडे. पाय आत घे फक्त." बाबांनी दारातूनच त्याच्या बाह्यांकडे बघून हळहळत "दोन इंच सोडता येतील," असं स्वतःशीच म्हटलं.

तास संपल्यावर बाप-लेक इमारतीसमोरच्या बाकावर बसले. बॅग मध्ये होती. बाबा टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते, पुन्हा करत होते.

"आत्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवा ना."

"मी काय ठरवणार? अर्ध्या शहरानं ऐकलं." ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. "चिमे, एक खरं सांग. पत्रबित्र राहू दे, आत्या राहू दे. तुला यायचंय का घरी? यायचं असेल तर ये. कोणाला एक शब्द बोलू देणार नाही मी. तुझी आठवण येते म्हणून सांगतो, दुकान रिकामं वाटतं. पडद्यामागे कोणी नसतं."

चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवावं आणि तसंच घरापर्यंत जावं असं तिला फार वाटलं. पण प्रयोगशाळेच्या दारात चष्मेवाली आणि डुलक्या घेणारी उभ्या होत्या, त्यांच्यामागे वाकून तो उंच मुलगा, आणि तिघंही हातानं खूण करत होते की किल्ली कुठे आहे, सगळे खोळंबलेत.

"बाबा," ती म्हणाली, "माझं प्रॅक्टिकल आहे."

"हो का?" बाबा म्हणाले. "मग जा ना. उशीर होईल तुला."

ती उठली. दहा पावलं गेली आणि वळून बघितलं. बाबा बाकावरच होते. रिकामी बॅग त्यांनी मांडीवर घेतली होती, आणि उठायचं नाव घेत नव्हते.

चिमी धावत परत आली, बॅग त्यांच्या खांद्याला अडकवली आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. "बाबा, निघा आता," ती म्हणाली.  बाबांनी नुसती मान डोलावली.